न आलेल्या साथीची लस

आपल्या शाळेतील शिक्षकांच्या खोलीत एक छोटी पाहणी करून पाहा. ज्यांचे वय पन्नाशीच्या बरेच पुढे आहे, त्यांच्या हातावर देवीच्या टोचणीचे गोल, किंचित खोलगट वण दिसतील. चाळिशीतल्या आमच्यासारख्यांच्या खांद्याजवळ एक लहानसा वण असतो, पण तो बीसीजीचा, म्हणजे क्षयाच्या लसीचा. देवीचा वण आमच्या पिढीजवळ नाही. देवीचा शेवटचा नैसर्गिक रुग्ण १९७७ साली सोमालियात सापडला. १९८० च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य परिषदेने रोगाचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले आणि देशोदेशी टोचणे थांबले.

हा नसलेला वण म्हणजे विज्ञानाच्या एका मोठ्या यशाची खूण आहे. पण त्याच खुणेचा दुसरा अर्थही आहे. आज जगातील निम्म्याहून बरीच अधिक माणसे अशी आहेत की देवीचा विषाणू समोर आला तर त्यांच्या शरीराला त्याची काहीच ओळख नाही. मग कोणी हा विषाणू मुद्दाम पसरवला तर? आणि तशी भीती असेल तर सर्वांना आधीच टोचून का ठेवू नये?

हा प्रश्न २००१ ते २००३ या काळात अमेरिकेत अतिशय गंभीरपणे विचारला गेला. राष्ट्राध्यक्षांपासून गणिती प्रारूपे मांडणाऱ्या संशोधकांपर्यंत अनेकांनी त्यात भाग घेतला. सार्वत्रिक लसीकरणाच्या बाजूने तेव्हा जो युक्तिवाद झाला, त्याची तपासणी या लेखात आम्ही करणार आहोत. वाद जुना आहे, पण त्याचा निकाल आता हाती आहे. शिवाय कोविडच्या साथीनंतर लस, धोका आणि भाकिते यांविषयीचे प्रश्न आपल्या वर्गातही येऊ लागले आहेत.

भीती खोटी नव्हती

प्रथम दुसऱ्या बाजूचे म्हणणे नीट ऐकून घेऊ. देवीचे उच्चाटन झाले, तरी विषाणू नष्ट झालेला नाही. त्याचे अधिकृत साठे दोन ठिकाणी आहेत: अमेरिकेत अटलांटा येथे आणि रशियात नोवोसिबिर्स्कजवळील कोल्त्सोवो येथे. सोव्हिएत संघाने देवीचा विषाणू शस्त्र म्हणून वापरण्याचा मोठा कार्यक्रम चालवला होता. त्या कार्यक्रमातील एक वरिष्ठ शास्त्रज्ञ केन अलिबेक १९९२ साली अमेरिकेत गेले आणि १९९९ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी त्याची माहिती दिली. सोव्हिएत संघ मोडल्यावर त्या साठ्यातले काही इतरांच्या हाती गेले का, याची खात्री कोणाला देता येत नव्हती.

त्यातच ११ सप्टेंबर २००१ चे हल्ले झाले. पाठोपाठ अँथ्रॅक्सचे जंतू घातलेली पत्रे टपालाने आली. २२ जणांना बाधा झाली आणि ५ जण दगावले. अँथ्रॅक्स एका माणसाकडून दुसऱ्याकडे जात नाही, देवी जाते. लस न घेतलेल्या शंभर रुग्णांपैकी सुमारे तीस दगावतात. अशा रोगाची भीती वाटण्यात काहीच चूक नव्हती. त्या भीतीवर उत्तर शोधताना हिशोब कसा केला गेला, आमचा आक्षेप त्याविषयी आहे.

एका आकड्याची करामत

हल्ल्यांच्या अडीच-तीन महिने आधी, जून २००१ मध्ये, अमेरिकेत 'डार्क विंटर' नावाची एक सराव-बैठक झाली. माजी सिनेटर सॅम नन यांनी राष्ट्राध्यक्षाची भूमिका केली. कल्पना अशी होती की तीन राज्यांत देवीचा विषाणू सोडला गेला असून सुमारे ३,००० जणांना लागण झाली आहे. बैठकीत लस अपुरी पडली, राज्याराज्यांत भांडणे झाली आणि परिस्थिती हाताबाहेर गेली. पुढील दोन वर्षांच्या चर्चेवर या नाट्याची दाट छाया होती.

या नाट्याच्या मुळाशी एक आकडा होता. एका रुग्णापासून दहा जणांना लागण होते, असे त्यात गृहीत धरले होते. आपण फळ्यावर हिशोब मांडू. पहिल्या फेरीत ३,००० रुग्ण. दुसऱ्या फेरीत ३०,०००, तिसरीत ३ लाख आणि चौथीत ३० लाख. आता दहाऐवजी तीन धरा. ३,०००, मग ९,०००, मग २७,००० आणि चौथ्या फेरीत ८१,०००. रोग तोच, हल्ला तोच, फेऱ्या तेवढ्याच. फक्त एक आकडा बदलला आणि चौथ्या फेरीचे उत्तर सदतीस पटींनी कमी झाले. विद्यार्थ्यांना भूमितीश्रेणी शिकवताना याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

मग खरा आकडा कोणता? दहा हा आकडा हवेतून काढलेला नव्हता. युरोपात बाहेरून आलेल्या देवीच्या काही निवडक साथींवरून तो घेतला होता. या साथी थंडीच्या मोसमातल्या होत्या, आणि अशा साथींत पुष्कळदा रोग ओळखला जाण्यापूर्वी रुग्ण इस्पितळात दाखल झालेला असे. तिथे डॉक्टर, परिचारिका आणि शेजारच्या खाटांवरचे रुग्ण यांना झपाट्याने लागण होई. १९७२ साली युगोस्लाव्हियात एका रुग्णापासून ३८ जणांना लागण झाली, ती प्रामुख्याने अशाच प्रकारे. ब्रिटनमधील गानी आणि लीच या संशोधकांनी जुन्या साथींच्या नोंदी तपासून २००१ च्या अखेरीस 'नेचर'मध्ये लेख लिहिला. लस न घेतलेल्या समाजात हा आकडा साधारण साडेतीन ते सहाच्या दरम्यान असावा, असे त्यांचे अनुमान होते. तेही रोग ओळखून उपाय सुरू होण्यापूर्वीचे.

यामागे विषाणूचा स्वभाव आहे. लागण झाल्यावर साधारण दहा ते चौदा दिवस माणूस ठणठणीत असतो आणि त्या काळात तो कोणाला रोग देत नाही. मग जोराचा ताप, अंगदुखी आणि त्यानंतर पुरळ. प्रसार मुख्यतः पुरळ उठल्यानंतर होतो. तोवर रुग्णाने अंथरूण धरलेले असते. म्हणून देवी मुख्यतः घरात आणि इस्पितळात पसरते, बाजारात आणि आगगाडीत त्या मानाने कमी. इथेच देवी आणि कोविड यांत मोठा फरक आहे. कोविडचा रुग्ण लक्षणे दिसण्यापूर्वीच प्रसार करू शकतो. देवीच्या रुग्णाचा चेहराच त्याच्या रोगाची जाहिरात करतो.

आधी की नंतर?

२००२ साली दोन महत्त्वाची गणिती प्रारूपे प्रसिद्ध झाली. कॅप्लन, क्राफ्ट आणि वाइन यांनी एक कोटी वस्तीच्या शहरात एक हजार जणांना लागण झाल्याची कल्पना केली. रुग्णांच्या संपर्कातील माणसे शोधून टोचण्यापेक्षा साऱ्या शहराला टोचणे चांगले, असा त्यांचा निष्कर्ष होता. हॅलोरन, लाँजिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन हजार वस्तीचा समाज घेतला. त्यात घरे होती, शाळा होत्या, शेजार होता. लागण मोजक्या माणसांपासून सुरू झाली असे धरले. त्यांना संपर्कातील माणसांचे लसीकरणही परिणामकारक दिसले.

दोन्ही लेखांतले गणित चुकीचे नव्हते. पहिल्यात शहरातला कोणीही कोणालाही सारख्याच सहजतेने भेटतो. दुसऱ्यात माणसे घरा-शाळांच्या गटांत राहतात. पहिल्यात तपास करणाऱ्यांवर एकाच वेळी हजार रुग्णांचा भार पडतो. दुसऱ्यात तसे होत नाही. गृहीतके वेगळी म्हणून उत्तरे वेगळी. प्रारूप हे भाकीत नसते. 'असे असेल तर तसे होईल' एवढेच ते सांगते. त्यातील 'असे असेल तर' हा भाग वगळून फक्त 'तसे होईल' एवढेच लोकांपर्यंत पोचले, ही आमची तक्रार आहे.

याहून मोठी गफलत दुसरीच झाली. कॅप्लन आणि सहकाऱ्यांचा मुख्य निष्कर्ष हल्ला झाल्यानंतरच्या लसीकरणाविषयी होता. सार्वजनिक चर्चेत मात्र त्याचा आधार हल्ल्याआधीच सर्वांना टोचण्यासाठी घेतला जाऊ लागला. या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. देवीच्या लसीला एक दुर्मीळ गुण आहे: लागण झाल्यानंतर तीन-चार दिवसांत ती दिली, तरी रोग टळतो किंवा सौम्य होतो. ज्या रोगात विषाणूशी गाठ पडल्यावरही लस उपयोगी पडते, त्या रोगात 'नंतर' या शब्दाला किंमत आहे.

बिहारमधील जळते घर

या वादात एक प्रत्यक्ष अनुभव उपलब्ध होता, आणि तो बराचसा आपल्या देशातला होता. भारताने १९६२ साली राष्ट्रीय देवी निर्मूलन कार्यक्रम सुरू केला. तीन वर्षांत ८० टक्के लोकांना टोचायचे असे ठरले. कोट्यवधी टोचण्या झाल्या, तरी रोग हटला नाही. कागदावर टक्केवारी वाढत होती. पण सहज सापडणारी शाळकरी मुले पुन्हा पुन्हा टोचली जात आणि रस्त्याच्या कामावरचे मजूर, भटके लोक, झोपडवस्तीतली तान्ही बाळे राहून जात. विषाणू नेमका तिथेच टिकून राहिला.

याच्या उलट अनुभव १९६६ च्या डिसेंबरात पूर्व नायजेरियात आला. विल्यम फेगी यांच्याजवळ सर्वांना पुरेल एवढी लसच नव्हती. म्हणून त्यांनी रुग्ण शोधले, त्यांच्या भोवतालची माणसे टोचली, आणि साथ थांबली. टंचाईतून सापडलेली ही वेढा घालण्याची पद्धत पुढे भारतात आली. १९७३ च्या शरद ऋतूपासून हजारो कार्यकर्ते घरोघर जाऊन रुग्ण शोधू लागले. शोध नीट होऊ लागताच आकडे भराभर वाढले. १९७४ साली भारतात १ लाख ८८ हजार रुग्णांची नोंद झाली. बिहारची स्थिती सर्वांत वाईट होती. पद्धत अपयशी ठरली, आता पुन्हा सार्वत्रिक लसीकरणाकडे वळावे, असे राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी ठरवले. फेगी यांनी २०११ च्या आपल्या पुस्तकात त्या बैठकीची हकिकत दिली आहे. एक तरुण भारतीय डॉक्टर उभा राहिला आणि त्याने मंत्र्यांना सांगितले की गावात एका घराला आग लागली तर आम्ही साऱ्या घरांवर पाणी ओतत नाही, जळत्या घरावर ओततो. त्याला एक महिन्याची मुदत मिळाली. रुग्णसंख्या उतरू लागली आणि मे १९७५ मध्ये भारतातील शेवटच्या रुग्णाची नोंद झाली. 'हाऊस ऑन फायर' हे त्या पुस्तकाचे नाव या प्रसंगावरून आले आहे.

इथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. बिहारचा धडा २००२ च्या न्यूयॉर्कला जसाच्या तसा लागू पडत नाही. १९७४ च्या भारतात पुष्कळांना आधीच्या टोचणीमुळे किंवा रोग होऊन गेल्यामुळे संरक्षण होते. आजच्या शहरात ते नाही. प्रवासही कितीतरी वाढला आहे. सार्वत्रिक लसीकरणाचे समर्थक हा मुद्दा मांडत आणि तो बरोबर होता. युगोस्लाव्हियात १९७२ साली १७५ रुग्ण झाले आणि ३५ दगावले. तेथील सरकारने वेढा घातला आणि शिवाय सुमारे १ कोटी ८० लाख लोकांनाही टोचले. पण लक्षात घ्या, ते सारे रोग आल्यानंतर झाले. मोठा हल्ला झाल्यास शहरच्या शहर टोचावे लागेल, हे आम्हीही मान्य करू. त्यासाठी लसीचा साठा आणि टोचणारे हात तयार हवेत. सर्वांचे दंड आधीच टोचून ठेवावेत, असा अर्थ त्यातून निघत नाही.

हिशोबाच्या दोन बाजू

का निघत नाही? कारण ही लस निर्धोक नाही. तिच्यात व्हॅक्सिनिया नावाचा जिवंत विषाणू असतो. १९६८ साली अमेरिकेत झालेल्या पाहण्यांनुसार प्रथमच टोचलेल्या दर दहा लाखांत एक ते दोन जण दगावत. याशिवाय १४ ते ५२ जणांना मेंदूदाहासारखे जिवावरचे दुखणे होई. इसब असलेल्यांना, एचआयव्हीबाधितांना, अवयवरोपण झालेल्यांना, गर्भवतींना ही लस देता येत नाही. त्यांच्या घरातल्या माणसांनाही ती देणे धोक्याचे, कारण टोचलेल्या जागेवरून विषाणू दुसऱ्याच्या अंगावर जाऊ शकतो. असे सारे वगळले तर सुमारे एक चतुर्थांश लोकसंख्या बाजूला काढावी लागे.

आता हा हिशोब मोठ्या विद्यार्थ्यांकडून करून घ्या. अमेरिकेची तेव्हाची लोकसंख्या सुमारे २९ कोटी. एक चतुर्थांश वगळून उरलेल्यांना टोचले तर जुन्या दराने २०० ते ४०० मृत्यू. लहानपणी टोचलेल्यांना धोका कमी असतो, म्हणून २०० धरू. हे मृत्यू हल्ला होवो न होवो, होणारच. दुसऱ्या बाजूला, आधी टोचल्यामुळे हल्ल्यात किती जीव वाचतील? समजा २,०००. मग हल्ल्याची शक्यता दहात एकाहून अधिक असेल तरच सौदा परवडतो. समजा २०,०००. मग शंभरात एक पुरे. समजा दोन लाख. मग हजारात एक. हे 'समजा' आमचे आहेत. ते बदलून पाहावेत, म्हणूनच दिले आहेत. दहाचा आकडा आणि तीनचा आकडा यांतून निर्णय कसा पालटतो, हे त्यावरून कळेल. हल्ल्याची शक्यता मात्र कोणत्याही प्रयोगशाळेत मोजता येत नाही. बोझेट आणि सहकाऱ्यांनी २००३ साली असाच, पण पुष्कळ तपशीलवार हिशोब केला. आरोग्य कर्मचाऱ्यांना आधी टोचणे काही परिस्थितीत फायद्याचे दिसले. सर्व जनतेला टोचणे मात्र हल्ल्याची शक्यता बरीच मोठी असेल तरच.

प्रत्यक्षात काय घडले

१३ डिसेंबर २००२ रोजी राष्ट्राध्यक्ष बुश यांनी योजना जाहीर केली. सुमारे पाच लाख सैनिकांना टोचायचे. तेवढ्याच आरोग्य कर्मचाऱ्यांना स्वेच्छेने लस द्यायची. सर्व जनतेसाठी त्यांनी लसीची शिफारस केली नाही. त्या वेळी इराकवरील युद्धाची तयारी चालू होती आणि इराकजवळ देवीचा विषाणू असावा असे सूचित केले जात होते.

सैनिकांचे लसीकरण झाले. नागरी कार्यक्रम जानेवारी २००३ मध्ये सुरू झाला आणि काही महिन्यांत थंडावला. पाच लाखांपैकी ४० हजारांहूनही कमी कर्मचाऱ्यांनी लस घेतली. या काळात पूर्वी फारसा लक्षात न आलेला एक दुष्परिणाम पुढे आला: हृदयाच्या स्नायूचा आणि आवरणाचा दाह. प्रथमच टोचलेल्या सैनिकांत तो सुमारे बारा हजारांत एकाला आढळला. हाच दर कोट्यवधींवर लावून पाहा, म्हणजे आधीच सार्वत्रिक लसीकरण केले असते तर काय झाले असते, ते दिसेल. लसीमुळे इजा झाली तर भरपाई देण्याचा कायदा एप्रिल २००३ मध्ये झाला, म्हणजे टोचणे सुरू झाल्यावर तीन महिन्यांनी. इराकमध्ये देवीचा साठा सापडला नाही. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००५ च्या अहवालात या कार्यक्रमावर टीका केली. कार्यक्रमामागची कारणे लोकांना पुरेशी सांगितलीच गेली नाहीत, हा तिचा एक प्रमुख मुद्दा होता.

आम्हाला हे सर्वांत महत्त्वाचे वाटते. डॉक्टर आणि परिचारिका हे लसविरोधक नव्हते. त्यांनी विचारले, धोका किती, फायदा किती, आणि मला काही झाले तर माझ्या घरच्यांचे काय? समाधानकारक उत्तर मिळाले नाही, म्हणून त्यांनी दंड पुढे केला नाही.

वादातून काय उरले

या वादाने चांगलेही काही दिले. लसीचे मोठे साठे तयार झाले. शरीरात वाढू न शकणाऱ्या विषाणूपासून बनवलेल्या अधिक सुरक्षित लसीला अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली. २०२२ मध्ये मंकीपॉक्सची साथ जगभर पसरली तेव्हा ती प्रत्यक्ष उपयोगी पडली. धोकाही पुरता मावळलेला नाही. २०१४ मध्ये अमेरिकेतील एका सरकारी प्रयोगशाळेच्या शीतगृहात देवीच्या विषाणूच्या विसरलेल्या कुप्या सापडल्या. १९९३ मध्येच रशियन शास्त्रज्ञांनी 'इंडिया-१९६७' या भारतात मिळालेल्या वाणाचा जनुकीय आराखडा प्रसिद्ध केला होता. २०१८ मध्ये कॅनडातील संशोधकांनी देवीच्या कुळातला घोड्याचा विषाणू, विकत घेतलेल्या डीएनएच्या तुकड्यांपासून बनवल्याचे प्रसिद्ध केले. त्यामुळे 'साठे नष्ट केले की झाले' असे आता म्हणता येत नाही. तयारी हवीच. लस कोठारात हवी, रोग ओळखणारे डॉक्टर हवेत, घरोघर जाणारे आरोग्य कर्मचारी हवेत. बिहारमध्ये देवी याच बळावर हटली.

शिक्षकांना शेवटी एक विनंती. हा लेख वाचून एखादा विद्यार्थी म्हणेल, 'म्हणजे लस धोक्याचीच असते तर!' त्याला गोवराचे उदाहरण द्या. गोवर आज आपल्या आसपास आहे. न टोचलेल्या मुलाला तो होण्याची शक्यता खरीखुरी आणि मोठी आहे. लसीचा धोका त्यापुढे नगण्य आहे. तिथे तराजूचे पारडे स्पष्टपणे लसीच्या बाजूने झुकते. १९७४ साली बिहारमध्ये देवीच्या लसीचेही तसेच होते. २००२ साली लस तीच होती. समोर रोग नव्हता. लस चांगली की वाईट, असा प्रश्न नुसता विचारता येत नाही. कोणत्या रोगावर, कोणत्या वेळी, कोणाला, आणि तो रोग येण्याची शक्यता किती, हे सोबत विचारावे लागते. उत्तरात जो आकडा पुढे येईल, तो कुठून आणला, हेही विचारावे लागते. एवढे चार-पाच प्रश्न विचारण्याची सवय आपल्या विद्यार्थ्यांना लागली, तर पुढच्या साथीच्या वेळी अफवा आणि अधिकृत घोषणा या दोन्हींना ते सारख्याच शांतपणे तपासून घेतील.